डॉक्टरची उधारी

ती लाल हातगाडी कोणाची होती, हे नावगावासकट कळायला 92 वर्षं लागली.

विल्यम कार्लोस विल्यम्सची ती कविता 1923 मध्ये छापली गेली. मुळात शब्द 16. पाऊस पडून गेलाय, एका चाकाची गाडी ओली आहे, शेजारी कोंबड्या आहेत. याहून जास्त तिच्यात काही घडत नाही. अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजांतून पिढ्यान् पिढ्या ती शिकवली गेली. रंगांचे अर्थ लावले गेले, ओळ कुठे तुटते आणि का तुटते यावर लेख निघाले. गाडीच्या मालकाची चौकशी मात्र कोणी केली नाही. खरं तर विल्यम्सनं 1954 मध्ये एका लेखात सांगून टाकलं होतं, की मार्शल नावाच्या एका म्हाताऱ्या कृष्णवर्णीय गृहस्थाबद्दल वाटणाऱ्या मायेतून ही कविता आली. हे मार्शल पूर्वी ग्लॉस्टरच्या समुद्रावर मासे धरायचे, घोटाभर बर्फात उभं राहून काम करायचे आणि त्याची काही तक्रार नसायची. त्यांच्या परसात विल्यम्सला ती गाडी दिसली. आडनाव छापून आलेलं, गाव सगळ्यांना ठाऊक. तरी पुढची साठेक वर्षं तशीच गेली. शेवटी विल्यम लोगन या कवी-समीक्षकानं जनगणनेचे जुने कागद चाळले आणि 2015 मध्ये पुरं नाव लोकांसमोर आलं. थॅडियस मार्शल, राहणार 11, एल्म स्ट्रीट, रदरफर्ड, राज्य न्यू जर्सी. धंदा फिरून भाजी विकण्याचा. विल्यम्सच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर ते राहत होते. शेजारच्या क्लिफ्टन गावातल्या दफनभूमीत त्यांना पुरलं होतं आणि थडग्यावर साधा दगडही नव्हता. त्या वर्षी जुलैमध्ये तो बसवायचं ठरलं.

ही बातमी वाचल्यावर मी विल्यम्स पुन्हा वाचायला घेतला, आणि या वेळी मार्शल यांच्या बाजूनं वाचला.

त्याला कारण माझ्या घरातलं. माझे वडील तालुक्याच्या गावी एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. मिक्श्चरच्या बाटलीवर डोसाची कागदी पट्टी चिकटवायची आणि उधारीची वही लिहायची, ही दोन्ही कामं त्यांची. सुगीनंतर देतो, पोराची मनिऑर्डर आली की देतो, असं सांगून गेलेल्यांची नावं त्या वहीत असायची. अधूनमधून डॉक्टर वही मागवून घेत आणि त्यातली चार नावं खोडायला सांगत. पैसे काही आलेले नसत. वडील विचारत नसत आणि डॉक्टर सांगत नसत. देणं लागतो तो पेशंट, अशी माझी तेव्हा पक्की समजूत होती. उलट बाजूनंही हिशोब असू शकतो, डॉक्टरही पेशंटचं काही देणं लागत असेल, हे मला विल्यम्सनं शिकवलं. पैसे नसलेला पेशंटही बरंच काही देऊन जातो. डॉक्टर आला की त्याला घराचा आतला भाग दिसतो, न आवरलेली खोली दिसते, नवरा-बायकोतला अबोला दिसतो, घाबरलेल्या माणसाची भाषा ऐकू येते. साधा डॉक्टर हे तिथंच सोडून पुढच्या घरी जातो. विल्यम्स ते उचलून आणायचा.

त्याचा जन्म 17 सप्टेंबर 1883 चा, रदरफर्डमधलाच. वडील जन्मानं इंग्रज, पण कॅरिबियन बेटांवर वाढलेले. अमेरिकेत राहूनही त्यांनी ब्रिटिश नागरिकत्व सोडलं नाही. आई प्वेर्तो रिकोची, पॅरिसमध्ये चित्रकला शिकून आलेली आणि ती सुटल्याचं दुःख जन्मभर जपणारी. घरात स्पॅनिश कानावर पडे. म्हणजे ज्याला पुढं अमेरिकन बोलीचा कवी म्हणून ओळखलं गेलं, त्याच्या घरात अमेरिकन असं फारसं काही नव्हतं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात वैद्यकी शिकताना कवी एझरा पाउंडशी गाठ पडली, आणि ही मैत्री भांडणांसकट साठ वर्षं टिकली. पाउंड युरोपात गेला आणि तिथून याला टोमणे मारत राहिला. विल्यम्स पदवी घेऊन 1906 मध्ये बाहेर पडला, न्यूयॉर्कच्या रुग्णालयांत उमेदवारी केली. त्यातल्या एका ठिकाणी खोट्या आकड्यांच्या अहवालावर सही करायला सांगितलं, तेव्हा त्यानं सही केली नाही आणि जागाच सोडली. मग लाइपझिगला जाऊन बालरोगांचा अभ्यास, आणि तिथून परत गावी. गावात त्यानं पाटी लावली ती चाळीस वर्षांवर उतरली नाही.

लग्नाची हकिगत जरा विचित्र आहे. हर्मन कुटुंबातल्या शार्लटवर त्याचं आणि त्याच्या धाकट्या भावाचं, दोघांचंही मन होतं. भावानं मागणी घातली, तिनं होकार दिला. काही दिवसांतच विल्यम्सनं तिची धाकटी बहीण फ्लॉरेन्स हिला मागणी घातली. आपण दुसरी पसंती आहोत हे तिला कळत होतं. तरी तिनं त्याची वाट पाहिली आणि 1912 च्या डिसेंबरात लग्न केलं. तिलाच सगळे फ्लॉसी म्हणत. पुढच्या वर्षी त्यांनी 9, रिज रोड हे घर घेतलं. खाली दवाखाना, वर संसार. दोन मुलगे झाले.

दवाखान्यातल्या टेबलाला एक फळी जोडलेली होती आणि तिच्यावर टाइपरायटर पक्का बसवलेला. फळी वर ओढली की टाइपरायटर हजर. पेशंट गेला की फळी वर, दाराशी पावलं वाजली की फळी खाली. फिरतीवर असताना औषधाच्या चिठ्ठ्यांच्या पॅडवर लिहायचं, गाडी रस्त्याच्या कडेला थांबवून लिहायचं. वेळ मिळाला असता तर याहून चांगलं लिहिलं असतं, असं लेखकांच्या बाबतीत म्हणण्याची पद्धत आहे. विल्यम्सच्या बाबतीत मला ते पटत नाही. त्याच्या ओळी आखूड आहेत, विशेषणं मोजकी आहेत, प्रस्तावना नाही. तपासणीच्या खोलीत डॉक्टर जसं थेट दुखऱ्या जागेपाशी जातो तसं तो वस्तूपाशी जातो. वैद्यकीनं आपल्याला पोसलं, लिहिणं तिच्यामुळेच शक्य झालं, असं तो स्वतः सांगत आला. सुमारे 2000 बाळंतपणं त्याच्या हातून झाली असं मानलं जातं. त्यातली कितीतरी इटालियन आणि पोलिश कामगारांच्या घरांत, रात्री-अपरात्री, जिना चढून गेल्यावर. तुझी भाषा कुठून येते असं विचारल्यावर त्यानं पोलिश आयांच्या तोंडून येते असं उत्तर दिलं होतं. मंदीच्या काळात या घरांतून फी येणं अवघडच होतं. भाषा येत राहिली.

प्रसिद्धी मात्र फार उशिरा आली. पहिलं पुस्तक 1909 मध्ये गावातच स्वखर्चानं छापलं आणि त्याच्या चारच प्रती खपल्या. लाल हातगाडी ज्यात आहे ते पुस्तक फ्रान्समध्ये दिजोंला छापलं, प्रती तीनशेच्या आसपास. त्याच्या आदल्याच वर्षी, 1922 मध्ये, टी. एस. इलियटचं ‘द वेस्ट लँड’ आलं होतं. विल्यम्सला तो घाव वाटला. आपण गावातल्या बोलीतून, डोळ्यांसमोरच्या वस्तूतून नवी कविता उभी करतोय, आणि हा विद्वान माणूस कवितेला परत वर्गात घेऊन गेला, ही त्याची तक्रार त्यानं कधीच मागे घेतली नाही. इथं तो थोडा असूयेनंही बोलतो, हे खरं. पण तक्रारीत तथ्य होतं. आपल्याकडेही नवकवितेच्या चर्चेत इलियटचं नाव जितकं निघालं, त्याच्या पासंगालाही विल्यम्सचं निघालं नाही. दारातल्या भाजीवाल्याकडे बघून लिहिणाऱ्याचा दबदबा निर्माण होत नाही. त्याच्या कवितेला तळटीपा लागत नाहीत, मग प्राध्यापकांनी करायचं काय?

कवितेपेक्षा त्याच्या डॉक्टरी कथांनी मला जास्त धरून ठेवलं. त्यातली ‘द यूज ऑफ फोर्स’ ही 1930 च्या दशकातली कथा तर चार पानांची आहे. डॉक्टर एका गरीब घरी जातो. लहान मुलगी तापानं फणफणलेली. गावात घटसर्पाची साथ आहे, म्हणून घसा पाहायलाच हवा. मुलगी तोंड उघडत नाही. आई-बाप गयावया करतात आणि त्यामुळे प्रकरण आणखी बिघडतं. मुलगी झेप घेऊन डॉक्टरचा चष्मा उडवते. तो जिभेवर दाबायची लाकडी पट्टी घालतो, ती चावून तिचे तुकडे करते. तोंडातून रक्त येतं. आता थांबावं, तासाभरानं यावं, असं कोणताही शहाणा माणूस म्हणेल आणि डॉक्टरलाही ते कळतंय. पण तो थांबत नाही. चमचा मागवतो आणि जबरदस्तीनं जबडा उघडतो. घशावर पांढरा पडदा असतोच. मुलीनं तो आई-बापांपासून तीन दिवस लपवलेला असतो.

निदान बरोबर निघालं, इथं कथा संपवून डॉक्टरला शाबासकी देता आली असती. विल्यम्स ते करत नाही. त्या झटापटीत आपल्याला सुख वाटत होतं, कर्तव्याच्या नावाखाली आपण त्या पोरीवर मात करण्याच्या इरेला पेटलो होतो, हे त्याचा डॉक्टर उघड सांगतो. इतकंच नाही, आई-बापांचा त्याला तिटकारा येतो आणि त्या चिवट पोरीवर त्याचा जीव जडतो. परोपकारी डॉक्टरच्या गोष्टी मी भरपूर वाचल्या आहेत, मराठीतही. स्वतःच्या हातातल्या सत्तेचा असा पंचनामा करणारा डॉक्टर दुसरा आठवत नाही. वडिलांच्या डॉक्टरांना ही कथा वाचून दाखवायला हवी होती असं कधी कधी मनात येतं. ते रागावले असते की गप्प बसले असते, सांगता येत नाही.

विल्यम्सनं उचलून आणलेल्या गोष्टींत परक्यांपेक्षा घरच्यांची भर मोठी होती. फ्रिजमधली आलुबुखारं खाऊन टाकल्याची कबुली देणारी ती सुप्रसिद्ध कविता म्हणजे फ्लॉसीसाठी ठेवलेली चिठ्ठीच, आणि फ्लॉसीनं उलट लिहून ठेवलेल्या चिठ्ठीलाही त्यानं कवितेच्या ओळींत बसवलं. ‘व्हाइट म्यूल’ (1937) या कादंबरीची सुरुवात तिच्या जन्मापासून होते. बायकोचं तान्हेपण त्यानं बालरोगतज्ज्ञाच्या नजरेनं लिहून काढलं, आणि तिच्या माहेरच्या मंडळींवर पुढं आणखी दोन कादंबऱ्या केल्या. या बाईनं दवाखान्याचे फोन घेतले, बागेत फुलं वाढवली, मुलं वाढवली आणि नवऱ्याच्या बाहेरच्या भानगडी माहीत असून-नसून काढल्या. तिची बाजू तिनं स्वतः लिहिली असती तर अमेरिकन साहित्यात एक चांगलं पुस्तक जमा झालं असतं.

पण हिशोब सगळ्यात अवघड होतो तो मार्शिया नार्डीपाशी. ही कवयित्री, एकटीनं मूल वाढवणारी, कफल्लक, 1942 मध्ये त्याच्याकडे मदत मागायला आली. पत्रव्यवहार सुरू झाला. विल्यम्स तेव्हा ‘पॅटरसन’ या दीर्घकाव्याच्या तयारीत होता. पॅटरसन हे रदरफर्डच्या वरच्या अंगाला पसेक नदीवर वसलेलं शहर. तिथं नदी सुमारे 77 फूट खाली कोसळते. त्या पाण्याच्या जोरावर कारखाने काढायचे म्हणून अलेक्झांडर हॅमिल्टननं अठराव्या शतकाच्या शेवटी ते शहर वसवायला घेतलं, पुढं ते रेशमाचं शहर झालं आणि 1913 मध्ये तिथं रेशीम कामगारांचा मोठा संप झाला. शहर म्हणजेच एक माणूस, अशी कल्पना करून विल्यम्सनं त्याचं काव्य रचलं. 1946 ते 1958 या काळात त्याचे पाच भाग निघाले. त्यात पद्याच्या मध्येमध्ये गद्याचे तुकडे आहेत: जुन्या बातम्या, स्थानिक इतिहास, लोकांची पत्रं. त्या पत्रांत नार्डीची पत्रं आहेत, नाव बदलून. दुसऱ्या भागाचा शेवट तर तिच्याच एका पत्रानं होतो, कित्येक पानं चालणाऱ्या. तुम्ही सुरक्षित घरात बसून साहित्य करता, माझ्यासारखीला आयुष्यच अंगावर घ्यावं लागतं, तुम्ही माझ्याकडे पाठ फिरवलीत, असा त्याचा सारांश. विल्यम्सनं या आरोपाला उत्तर दिलेलं नाही. आरोप तसाच छापला आहे.

इथं वाचकांत दोन तट पडतात. दुसऱ्याचं दुःख लाटून कवीनं स्वतःचं काव्य सजवलं, हा एक पक्ष. स्वतःवरचं आरोपपत्र स्वतःच्याच पुस्तकात मानाच्या जागी ठेवणारा कवी विरळा, हा दुसरा. माझं मत विचाराल तर दोन्ही खरं आहे आणि दुसऱ्यानं पहिलं धुतलं जात नाही. पुस्तकावर नाव विल्यम्सचं आहे. ‘पॅटरसन’चा तिसरा भाग आणि निवडक कविता यांसाठी 1950 मध्ये नॅशनल बुक अवॉर्ड मिळालं, कवितेसाठीचं पहिलंच, तेही त्यालाच. ज्या पत्रानं आधीचा भाग इतका उंचीवर जाऊन संपतो, त्या पत्राची लेखिका त्यानंतरही भाड्याच्या विवंचनेत राहिली.

चौथ्या भागात आणखी एका तरुणाची पत्रं आहेत, खाली ए. जी. एवढीच सही. तो ॲलन गिन्सबर्ग. पॅटरसनचाच मुलगा. त्याला आपलं पत्र छापून आल्याचा आनंदच झाला असणार, आणि त्याची फेड विल्यम्सनं चोख केली: 1956 मध्ये त्याच्या ‘हाउल’ला प्रस्तावना लिहून दिली. तरुण पुरुष कवीची उधारी अशी लवकर वळती होते. नार्डीची झाली नाही.

पुढची वर्षं शरीरानं वसुली केली. 1948 मध्ये हृदयविकाराचा झटका, 1951 आणि 1952 मध्ये पक्षाघाताचे. डॉक्टरकी सोडावी लागली. त्याच सुमारास लायब्ररी ऑफ काँग्रेसनं त्याला कवितेचा सल्लागार म्हणून बोलावलं. तो काळ कम्युनिस्ट शोधून काढण्याचा. याच्या जुन्या कविता, सह्या केलेली पत्रकं, पाउंडची मैत्री, सगळं उकरलं गेलं, निष्ठेची चौकशी लांबत गेली आणि मुदत संपून गेली. त्या खुर्चीवर तो एक दिवसही बसला नाही. 1953 मध्ये नैराश्यामुळे काही आठवडे रुग्णालयात काढावे लागले. उजवी बाजू कामातून गेलेली, डोळ्यांना ओळ नीट सापडत नव्हती. फ्लॉसी वाचून दाखवायची, आणि तो डाव्या हाताच्या बोटानं विजेच्या टाइपरायटरवर एकेक अक्षर शोधत लिहायचा. सत्तरी ओलांडल्यावर अशा अवस्थेत त्यानं ‘ॲस्फोडेल, दॅट ग्रीनी फ्लॉवर’ ही दीर्घ कविता 1955 मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात तो बायकोसमोर गुन्हा कबूल करतो, क्षमा मागतो आणि अजून प्रेम आहे म्हणतो. ओळी तीन पायऱ्यांनी उतरत जातात, दम घेत घेत. अनेकांना ही त्याची सर्वांत सुंदर कविता वाटते. मलाही वाटते, पण वाचताना दर वेळी खोलीत टाइपरायटरसमोरच्या माणसाबरोबर बसलेली ती बाई दिसते. तिला सगळं ऐकावं लागतंय आणि ते जगासमोर जाणार हेही तिला माहीत आहे.

4 मार्च 1963 रोजी रदरफर्डच्या त्याच घरी विल्यम्स गेला. पुलित्झर दोन महिन्यांनी मिळालं, मृत्यूनंतर. गिन्सबर्ग तेव्हा बनारसमध्ये होता. आदल्या वर्षी मुंबईतल्या कवींना भेटून तो तिकडे गेला होता. विद्यापीठाच्या आवारात रात्री चालताना एका जर्मन शिक्षकाकडून त्याला ही बातमी कळली, आणि तिच्यावर त्यानं तिथंच कविता लिहिली.

विल्यम्सच्या पहिल्या पुस्तकाच्या चार प्रती खपल्या होत्या. आता त्याच्या नावाचं दालन अमेरिकन विद्यापीठांत भरलेलं असतं. तुम्हाला तो वाचायचा असेल तर माझा सल्ला असा, की लाल हातगाडीपासून सुरुवात करू नका. ती तशीही कुठे ना कुठे भेटेलच. ‘द डॉक्टर स्टोरीज’ हे 1984 मध्ये निघालेलं छोटं पुस्तक मिळवा. रॉबर्ट कोल्स यांनी ते संपादित केलंय. विद्यार्थी असताना ते विल्यम्सबरोबर पेशंटांच्या घरी फिरले आणि पुढं स्वतः मुलांचे मानसोपचारतज्ज्ञ झाले. पुस्तकाच्या शेवटी विल्यम्सच्या थोरल्या मुलाचा, डॉ. विल्यम एरिक विल्यम्स यांचा, वडिलांवरचा लेख आहे. तो चुकवू नका. तेही बालरोगतज्ज्ञ होते आणि वडिलांनंतर 9, रिज रोडच्या त्याच दवाखान्यात पेशंट तपासत होते.